पडदा विझतो म्हणून

१९९० च्या दशकात कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडसारख्या गावात व्हिडिओ गेम म्हणजे टीव्हीला जोडायचा एक डबा, दोन रिमोट, एक कॅसेट आणि नशीब असेल तर प्लॅस्टिकची एक बंदूक. मूळ यंत्र जपानच्या निन्टेंडो कंपनीचं, १९८३ सालचं ‘फॅमिकॉम’. आपल्या बाजारात आलेले बहुतेक डबे ही त्याची स्वस्त नक्कल. मारिओ, काँट्रा आणि बदकं मारायचा ‘डक हंट’ यांच्यावर एक अख्खी पिढी सुट्टीत पोसली गेली.

असा एखादा डबा आज माळ्यावरून काढून हॉलमधल्या पातळ टीव्हीला जोडून बघा. मारिओ दिसेल, पळेल, पण उडी किंचित उशिरा मारेल. बंदुकीनं मात्र एकही बदक पडणार नाही. डबा ठीक आहे, बंदूकही ठीक आहे. बदलला आहे तो पडदा. पिक्चर ट्यूबचा जुना पडदा, म्हणजे सीआरटी, आणि आजचा एलसीडी पडदा यांच्यात गेम खेळणाऱ्याला जाणवणारे बहुतेक फरक या बंदुकीच्या अपयशातून समजून घेता येतात. (दुकानात ज्याला ‘एलईडी टीव्ही’ म्हणतात तोही एलसीडीच. फक्त त्याच्यामागचा उजेड एलईडीचा असतो.)

बंदूक काय बघते

या बंदुकीतून काहीच बाहेर पडत नाही. तिच्या नळीत भिंग असतं आणि त्यामागे उजेड ओळखणारा एक छोटा भाग. चाप ओढला की गेम पडदा क्षणभर पूर्ण काळा करतो आणि लगेच पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम लागला. पडद्यावर दोन बदकं असतील तर त्यांचे चौकोन एकामागून एक येतात. नेम कोणत्या बदकावर होता, हे कोणत्या चित्रात उजेड दिसला त्यावरून कळतं. आधी अंधार तपासण्याचं कारण साधं आहे. ती पायरी नसती, तर पोरांनी बंदूक खोलीतल्या बल्बकडे रोखून सगळी बदकं मारली असती.

हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही शतांश भागांत उरकतो. म्हणून पडद्यानं हुकूम मिळताक्षणी काळं व्हायला हवं आणि ताबडतोब उजळायला हवं. सीआरटी हे करतो. एलसीडी टीव्ही आलेलं चित्र आधी साठवतो, त्याचा आकार बदलतो, रंग सुधारतो आणि मग दाखवतो. तोपर्यंत बंदुकीची तपासणी संपलेली असते. शिवाय मूळ बंदुकीत एक गाळणी होती. सीआरटीच्या किरणाची सेकंदाला सुमारे १५ हजार वेळा होणारी लुकलुक तेवढी ती ओळखायची. एलसीडीच्या उजेडात ती लुकलुक नसतेच.

ओळीनं पेरलेला उजेड

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ मध्ये पहिली अशी नळी केली. निर्वात काचेच्या नळीच्या मानेत इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक असते. सुमारे २५ हजार व्होल्टच्या ओढीनं इलेक्ट्रॉन काचेच्या आतल्या फॉस्फरच्या थरावर आदळतात आणि तिथला ठिपका चमकतो. रंगीत ट्यूबमध्ये लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांसाठी तीन किरण असतात. प्रत्येक किरण आपापल्याच रंगाच्या ठिपक्यांवर पडावा म्हणून मध्ये छिद्रांची जाळी असते. सोनीनं १९६८ मध्ये ‘ट्रिनिट्रॉन’मध्ये जाळीऐवजी उभ्या तारा वापरल्या. त्यामुळे जास्त इलेक्ट्रॉन पार जाऊ लागले आणि चित्र उजळ झालं.

मानेभोवतीची वेटोळी हा किरण वळवतात. शेतात कुरी चालते तसा किरण पडद्यावर फिरतो: एक ओळ पेरायची, बांधापाशी फण उचलायचे, मागं यायचं आणि खालची ओळ धरायची. आपल्या पाल पद्धतीच्या टीव्हीत अशा सेकंदाला १५,६२५ ओळी होत. टीव्ही चालू असताना जी बारीक शीळ लहान मुलांना ऐकू यायची आणि आजी-आजोबांना अजिबात नाही, ती याच वारंवारतेची. वय वाढलं की कानाला इतका उंच सूर पकडता येत नाही.

गेमच्या दृष्टीनं यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. किरण पुढं सरकला की मागचा ठिपका विझायला लागतो. बहुतेक उजेड एक-दोन मिलिसेकंदांत ओसरतो. म्हणजे कुठल्याही क्षणी सीआरटीवर पूर्ण चित्र नसतंच. वरून खाली धावणारा उजेडाचा एक पट्टा असतो आणि बाकी पडदा जवळजवळ काळा. पूर्ण चित्र आपला डोळा आणि मेंदू जुळवतात. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून जुना टीव्ही बघितला तर सरकणारे काळे पट्टे दिसतात, ते यामुळेच.

धरून ठेवणारा पडदा

एलसीडीचं मूळ गाजरात आहे. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर १८८८ मध्ये गाजरातून मिळवलेल्या कोलेस्टेरॉलची संयुगं तापवत होते. त्यातलं एक त्यांना दोनदा वितळताना दिसलं: आधी गढूळ द्रव, मग स्वच्छ. मधली अवस्था द्रवासारखी वाहती, पण रेणूंची रचना स्फटिकासारखी शिस्तीत. हाच द्रव स्फटिक. विजेच्या दाबानं याचे रेणू वळवले की ते उजेड अडवतात किंवा जाऊ देतात. १९७० च्या सुमारास पीळ दिलेल्या रेणूंची ‘टीएन’ रचना तयार झाली आणि घड्याळ, कॅलक्युलेटरपासून मॉनिटरपर्यंत पोहोचली.

या कथेत महाराष्ट्राचाही एक धागा आहे. नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेले एस. चंद्रशेखर पुढे बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत द्रव स्फटिकांवर काम करू लागले. तोपर्यंत लांबट, काडीसारखे रेणूच द्रव स्फटिक होतात असा समज होता. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवून दिलं की चकतीसारखे चपटे रेणूही तसे वागतात. टीएन पडदा बाजूनं बघितला की रंग उलटे दिसायचे. या दोषावर पुढे जपानच्या फुजी कंपनीनं काढलेली पातळ फिल्म चकतीच्या रेणूंवरच आधारलेली होती. दोघं भाऊ एका मॉनिटरसमोर शेजारी बसून खेळतात, तेव्हा कडेला बसलेल्यालाही चित्र दिसण्यात या शोधाचा वाटा आहे.

एलसीडीत मागचा दिवा सतत चालू असतो. पुढचा प्रत्येक ठिपका एक झडप असतो आणि नवा हुकूम येईपर्यंत आपली स्थिती धरून ठेवतो. ६० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर प्रत्येक चित्र जवळजवळ १७ मिलिसेकंद जागचं हलत नाही. ऐकायला हा गुण वाटतो, आणि वाचनासाठी तो गुणच आहे. हलत्या चित्रात मात्र तो नडतो.

समजा, रेसच्या गेममध्ये एक गाडी पडद्यावरून सेकंदाला १,००० ठिपके या वेगानं जाते आहे. आपला डोळा तिच्यामागे अखंड सरकतो. पडद्यावरची गाडी मात्र १७ मिलिसेकंद एका जागी थांबते आणि मग एकदम पुढं उडी मारते. थांबलेल्या काळात डोळा पुढं गेलेला असतो, म्हणून डोळ्याच्या पडद्यावर गाडी सुमारे १७ ठिपके फरफटते. नंबरप्लेट वाचता येत नाही. सीआरटीवर तीच गाडी एखादा मिलिसेकंद दिसून विझते. फरफट एका-दोन ठिपक्यांची. मधल्या अंधारात डोळा बिनबोभाट पुढच्या जागी पोहोचतो.

सुरुवातीच्या एलसीडीत याच्या जोडीला आणखी एक दोष होता. झडपा हळू चालायच्या. २००० नंतरच्या काही वर्षांत २५ मिलिसेकंद प्रतिसादकाळ असलेले मॉनिटर सर्रास विकले जात. म्हणजे एक चित्र पूर्ण बदलायच्या आत दुसरं यायचं आणि मागे भुतासारखी सावली उरायची. कंपन्यांनी हा आकडा ८, ५, १ असा खाली आणला आणि जाहिरातींत ठळक छापला. पण झडप शून्य वेळात बदलली, तरी धरून ठेवण्यामुळे होणारी फरफट तशीच राहते. ‘१ मिलिसेकंद’ असं लिहिलेला मॉनिटर घेऊनही चित्र पुसट का दिसतं, या तक्रारीचं उत्तर इथं आहे.

हे स्वतः तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. मोबाइलवर एखादा लांब मजकूर उघडा, बोटानं हळूहळू वर सरकवत राहा आणि सरकत असतानाच वाचायचा प्रयत्न करा. ६० हर्ट्झच्या फोनवर अक्षरं फिसकटतात. सेटिंगमध्ये १२० हर्ट्झची सोय असेल तर ती चालू करून पुन्हा बघा. फिसकटणं निम्म्यावर येतं, कारण धरून ठेवण्याचा काळ निम्मा होतो.

ओळींचा हिशेब

सीआरटी मॉनिटरला ठरावीक ठिपके नसतात. किरण जितक्या ओळी काढेल तितक्या. मर्यादा असते ती सेकंदाला एकूण किती ओळी काढता येतात याची. १७ इंची चांगल्या मॉनिटरवर ही मर्यादा ७० किलोहर्ट्झच्या आसपास असे, म्हणजे सेकंदाला ७० हजार ओळी. १०२४ × ७६८ ला, किरण परत वर जाण्याचा वेळ धरून, एका चित्राला आठशेच्या वर ओळी लागतात. ७० हजारांत अशी जवळजवळ ८५ चित्रं बसतात. ८०० × ६०० वर आलं की शंभराच्या पुढं जाता येतं. १२८० × १०२४ वर मात्र साठ-पासष्टवर थांबावं लागतं.

नेट कॅफेत काउंटर-स्ट्राइक १.६ खेळणारे रेझोल्यूशन मुद्दाम खाली का आणत, हे यावरून उमगतं. ग्राफिक्स कार्डावरचा भार कमी व्हायचा, चित्रं सेकंदाला शंभर व्हायची आणि पडदाही १०० हर्ट्झवर चालायचा. चित्र जरा ठोकळेबाज दिसे, पण शत्रू भिंतीआडून निघाला की लगेच दिसे. हा उद्योग एलसीडीवर जमत नाही. त्याचे ठिपके काचेतच ठरलेले असतात. १९२० × १०८० च्या पडद्याला १०२४ × ७६८ दिलं की प्रत्येक ठिपका ताणून एकापेक्षा जास्त ठिपक्यांवर वाटावा लागतो आणि कडा मऊ होतात. जुन्या कमकुवत कॉम्प्युटरला नवा मोठा एलसीडी जोडणाऱ्यांची निराशा बहुधा इथूनच सुरू होते.

जुन्या टीव्ही गेमचंही असंच. फॅमिकॉमचं चित्र अवघं २५६ × २४० ठिपक्यांचं. सीआरटीवर त्याच्या दोन ओळींमध्ये बारीक काळी रेघ राहायची आणि ठिपक्यांच्या कडा एकमेकांत मिसळायच्या. चित्रकार ते गृहीत धरूनच रंग भरत. पातळ टीव्हीवर तेच चित्र चौकोनी फरशा बसवल्यासारखं उघडं पडतं.

तरीही तो गेला

इतके गुण असून सीआरटी संपला, आणि त्यामागची कारणं मुरगूडच्या घरात बसून नीट कळतात. १७ इंची मॉनिटरचं वजन पंधरा किलोच्या आसपास. कोल्हापूरहून किंवा निपाणीहून तो एसटीतून मांडीवर घेऊन आणणं हा पराक्रम होता. टेबलाची अर्धी खोली त्याच्या पाठीला जायची. त्यातही १७ इंच हे काचेचं माप. दिसणारं चित्र सोळा इंचांचं. एलसीडीत जितके इंच लिहिलेत तितके दिसतात.

विजेचा प्रश्न त्याहून मोठा. तो मॉनिटर ८० वॉटच्या घरात वीज घ्यायचा. त्याच आकाराचा एलसीडी २५ वॉटवर भागतो. रोज पाच तास धरले तर महिन्याला १२ युनिट आणि पावणेचार युनिट असा फरक. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रानं तासन्‌तासांच्या भारनियमनात काढली. यूपीएसवर गेम जागेवर सेव्ह करून मशिन बंद करण्याइतका वेळ मिळणं न मिळणं, हे मॉनिटर किती वीज खातो यावर ठरायचं.

डोळ्यांचाही मुद्दा होता. विझणं हा सीआरटीचा गुण, पण ६० हर्ट्झवर ते विझणं डोळ्याला टोचतं, विशेषतः पांढऱ्या पडद्यावर आणि नजरेच्या कडेला. ७५ किंवा ८५ हर्ट्झ केलं की त्रास बराच कमी होई. पण विंडोज बहुतेक वेळा ६० वरच सुरू व्हायचं आणि कित्येक नेट कॅफेंत ते कुणी बदलतच नसे. डोकं दुखायचं आणि बोल गेमला लागायचा. शेजारी स्पीकर ठेवला तर चुंबकामुळे कोपऱ्यात जांभळा डाग पडायचा. पावसाळ्यात धूळ आणि ओल एकत्र आली की मागून सूं सूं आवाज यायचा. तो जास्त व्होल्टेजच्या गळतीचा. मग दुरुस्तीवाला येऊन ‘ईएचटी गेली’ किंवा ‘ट्यूब वीक झाली’ असा निकाल द्यायचा.

हा बदल किती झपाट्यानं झाला, हे मोठमोठ्यांनाही उमगलं नाही. मूळ औरंगाबादच्या व्हिडिओकॉन उद्योगानं २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा व्यवसाय विकत घेतला. त्यात इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने होते. २००७ च्या शेवटच्या तिमाहीत जगात एलसीडी टीव्हींची विक्री पहिल्यांदाच सीआरटीच्या पुढं गेली. त्यानंतर ट्यूबचे कारखाने एकामागून एक बंद होत गेले.

अंधार परत आणण्याची खटपट

यानंतरचा गेमिंग मॉनिटरचा इतिहास म्हणजे बऱ्याच अंशी सीआरटीचा गेलेला गुण परत मिळवण्याचा प्रयत्न आहे. एक वाट म्हणजे धरून ठेवण्याचा काळ कमी करणं. २००९ मध्ये १२० हर्ट्झचे एलसीडी मॉनिटर बाजारात आले. मग १४४, २४० आणि त्याहून पुढचे आले. आपल्या उदाहरणातल्या गाडीची फरफट २४० हर्ट्झवर चार ठिपक्यांवर येते. अट इतकीच की कॉम्प्युटरनंही सेकंदाला २४० चित्रं तयार केली पाहिजेत. नाही तर पडदा तेच चित्र पुन्हा दाखवतो आणि फरफट परत वाढते.

दुसरी वाट थेट आहे: मागचा दिवाच मध्ये मध्ये विझवायचा. दर चित्राला एक-दोन मिलिसेकंद झळकवायचा आणि बाकी वेळ बंद ठेवायचा. या सोयीचे मॉनिटर २०१३-१४ पासून मिळू लागले. चित्र लख्ख स्थिर दिसतं, पण उजेड घटतो आणि कमी हर्ट्झवर जुनी टोचणी परत येते. ओलेडच्या पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि बंद केला की पूर्ण काळा होतो. अंधाऱ्या गुहेतला काळा रंग, जो एलसीडीवर राखाडी दिसायचा, तो इथं सीआरटीसारखा काळा दिसतो. पण ओलेडही चित्र धरूनच ठेवतो. म्हणून त्यालाही ४८० हर्ट्झपर्यंत पळवावं लागलं.

उशिराचा प्रश्न मात्र बराचसा सुटला आहे. सीआरटी चित्र साठवत नव्हता. सिग्नल येईल तसा किरण चालायचा. सुरुवातीचे एलसीडी टीव्ही चित्रावर संस्कार करण्यात ५० ते १०० मिलिसेकंद घालवत. आजच्या मॉनिटरवर हा वेळ काही मिलिसेकंदांचा असतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ चालू केला की संस्कार बंद होतात. घरी गेम जोडला आणि रिमोट दाबल्यावर उडी उशिरा येते असं वाटलं, तर कंपनीला शिव्या देण्याआधी हे एक बटण शोधावं.

कुणी काय घ्यावं

जुन्या डब्यावरचे गेम खेळायचे असतील आणि घरात चालू सीआरटी टीव्ही असेल, तर तो विकू नये. भंगारात त्याचे फारसे पैसे येत नाहीत आणि बदली मिळत नाही. अमेरिकेत २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेले’ या गेमच्या स्पर्धा भरवणारे आजही त्यासाठी जड सीआरटी टीव्ही वाहून नेतात. पण नवे गेम खेळायला जुना मॉनिटर शोधत हिंडणं व्यर्थ आहे. त्याची केबल नव्या ग्राफिक्स कार्डात बसत नाही आणि ट्यूबही बहुधा उतरलेली असते. साधा १४४ हर्ट्झ मॉनिटर, तोही जमला तर दिवा झळकवण्याची सोय असलेला, हा व्यवहारी सौदा. प्रतिसादकाळाच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. हर्ट्झसाठी मोजावेत, आणि तितकी चित्रं काढणारं ग्राफिक्स कार्ड असेल तरच.

बिघडलेला सीआरटी घरी उघडू नये. बंद केल्यावरही ट्यूबमध्ये बराच काळ जास्त व्होल्टेज साठून राहतं. पोकळीमुळे ट्यूब फुटली तर काचा आत खेचल्या जाऊन उसळतात. रंगीत ट्यूबच्या काचेत किलोच्या हिशेबात शिसं असतं, म्हणून ती ओढ्यात किंवा उकिरड्यावर फोडणं म्हणजे ते शिसं पाण्यात सोडणं. ई-कचऱ्याचे नियम देशात २०१२ पासून लागू आहेत. त्यानुसार असा टीव्ही अधिकृत संकलकाकडे द्यायचा असतो. कॉपरच्या तारेसाठी ट्यूबची मान मोडणाऱ्या फेरीवाल्याला तो देण्यापेक्षा चार महिने माळ्यावर राहू द्यावा आणि नगरपालिकेकडे ई-कचरा संकलनाची चौकशी करून मग सोपवावा.